तारा शोधता शोधता

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा नऊ वर्षांचा भाचा आमच्याकडे राहायला आला होता आणि एका दुपारी मी त्याला १९२४ सालचा ‘द थीफ ऑफ बगदाद’ हा मूकपट दाखवला. संगणकावर तयार केलेले राक्षस आणि उडणारी शहरे पाहत वाढलेले हे मूल दहा मिनिटांत उठून जाईल, असे मला वाटले होते. तो उठला नाही. जादूचा गालिचा गर्दीच्या डोक्यावरून तरंगत जाऊ लागला तेव्हा त्याने मला थांबवून विचारले, “आत्या, ती माणसं खरंच वर आहेत का?” मी म्हटले, “हो, खरंच वर आहेत.” मग तो पडद्याजवळ सरकून तारा शोधू लागला आणि थोड्याच वेळात तारा शोधायचेच विसरून गेला.

त्याच्या त्या प्रश्नाने मला मूकपटांच्या काळातील अद्भुत साहसकथांविषयी लिहायला बसवले आहे. राऊल वॉल्श यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटातला गालिचा पोलादी तारांनी एका उंच क्रेनला टांगलेला होता आणि चित्रपटाचा नायक डग्लस फेअरबँक्स त्यावर खरोखर बसला होता. त्यामुळे वाऱ्याने फडफडणारे कापड आणि तोल सांभाळणारे शरीर, दोन्ही खरे आहे. चमत्कार खोटा असला तरी त्यातले वजन खरे आहे, आणि आपला डोळा हे वजन अचूक ओळखतो. आजच्या चित्रपटांत याच्या शंभरपट भव्य उड्डाणे असतात. पण तिथे काहीही घडू शकते हे आपल्याला आधीच ठाऊक असल्यामुळे, जे घडते त्याचे फारसे अप्रूप वाटत नाही.

फेअरबँक्स त्या वेळी चाळिशीला आला होता. बाजारातल्या दृश्यात तो एकामागून एक मोठ्या रांजणांत उड्या टाकतो आणि चेंडूसारखा बाहेर उसळतो. रांजणांच्या आत उसळी देणाऱ्या जाळ्या बसवलेल्या होत्या, हे मला आधीच माहीत होते. तरीही ते दृश्य मी तीनदा मागे नेऊन पाहिले, कारण जाळी उसळी देते, पण हवेतला तो डौल काही देत नाही. विल्यम कॅमेरॉन मेंझिस यांनी उभारलेले बगदाद तर डोळे भरून पाहावे असे आहे. नगराची जमीन काळी आणि आरशासारखी चकचकीत केलेली आहे. त्यामुळे उंच पांढऱ्या भिंतींची प्रतिबिंबे खाली उतरतात, इमारतींचा पाया दिसेनासा होतो आणि सगळे शहर अधांतरी उभे असल्याचा भास होतो. नायक समुद्राच्या तळाशी जातो त्या प्रसंगात पाण्याचा थेंबही नाही. कॅमेऱ्यासमोर झिरझिरीत पडदा धरून आणि हालचालींचा वेग मंद करून तो समुद्र निर्माण केला आहे. आमच्या कोकणात दशावतारी नाटकात एका बाकड्याचा राजवाडा होतो आणि प्रेक्षक तो मनापासून मानतो. हा समुद्रही मी तसाच मानला.

या चित्रपटाचे आपल्याकडे जे स्वागत झाले, ते मला फार बोलके वाटते. टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट समितीने १९२७-२८ मध्ये देशभर चौकशी केली, आणि भारतात सर्वाधिक लोकप्रिय ठरलेला चित्रपट म्हणून याच चित्रपटाची नोंद केली. आपल्या वाचकांना अरबी कथांची गोडी चिपळूणकर पितापुत्रांनी कधीच लावली होती. ‘सुरस व चमत्कारिक’ हे शब्द त्यांच्या भाषांतराच्या नावातूनच आपल्या बोलण्यात रुळले. मूकपटात मधूनमधून पडद्यावर येणारी संवादांची पाटी ज्याला वाचता येत नसे, त्याला शेजारचा वाचून दाखवी. मीही भाच्याला पाट्या मराठीत वाचून दाखवत होते आणि दोन पाट्यांच्या मधल्या वेळात तो पात्रांची वाक्ये स्वतःच रचत होता. बोलपटाने ही जागा प्रेक्षकाकडून काढून घेतली. पुढे आपल्या मूकपटांत मास्टर विठ्ठल तलवार घेऊन उतरले, तेव्हा त्यांना भारताचे डग्लस फेअरबँक्स म्हटले गेले.

या चित्रपटात खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. मंगोल राजपुत्राला ज्या ठरीव पद्धतीने कपटी रंगवले आहे ते आज पाहवत नाही, आणि ॲना मे वाँगसारख्या गुणी अभिनेत्रीच्या वाट्याला फितूर दासीची भूमिका यावी, याचे वाईट वाटते.

तरी माझा सर्वांत लाडका मूकपट आपल्या मातीतला आहे: दादासाहेब फाळके यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’. फाळके जादूचे प्रयोग करीत आणि त्यासाठी स्वतःचे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेत. त्यामुळे प्रेक्षकाची नजर कुठे खिळवायची हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरीही या चित्रपटाच्या आरंभी ते कृष्णाची भूमिका करणारी आपली लहान मुलगी मंदाकिनी हिला समोर बसवतात आणि तिच्या चेहऱ्यावरचे बदलते भाव नुसते दाखवत राहतात. मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू कृष्णाचे रूप उमटते. ही आपली मुलगी आहे, हे उघडपणे सांगून मगच ते तिचा देव करतात. पुढे ती यमुनेत उडी घेऊन नागाशी झुंजते, तेव्हा नाग बनवलेला आहे हे स्पष्ट दिसत असूनही काठावरच्या गोकुळाइतकाच आपलाही जीव टांगणीला लागतो.

हे चित्रपट आंतरजालावर शोधताना मात्र चांगली प्रत निवडावी, एवढी कळकळीची विनंती आहे. चुकीच्या वेगाने चालवलेल्या प्रतींत माणसे तुरुतुरु पळताना दिसतात आणि मूकपट म्हणजे असेच हास्यास्पद धावणे, असा गैरसमज होतो. योग्य वेगात फेअरबँक्सची चाल नर्तकासारखी दिसते. भाचा मे महिन्यात पुन्हा येणार आहे. ‘कालिया मर्दन’ची पहिली काही मिनिटे त्याला एक शब्दही न बोलता दाखवायची, असे मी ठरवले आहे; त्या मुलीचे वय त्याने माझ्याआधी ओळखावे, अशी माझी इच्छा आहे.