जुनी गाडी विकली, पण आरसीवरून नाव उतरलं का? माझा अनुभव

गाडी विकताना सगळ्यांची घासाघीस किमतीवर चालते. खरं जिकिरीचं काम त्यानंतर सुरू होतं. पैसे आले, किल्ली दिली, गाडी गेली, तरी ज्याचं नाव आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे अगदी स्वच्छ सांगितलं आहे: गाडी पुढे तीन-चार हातांतून फिरली असली, तरी नाव बदललं नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. म्हणून थेट गिऱ्हाइकाला गाडी देताना मी सगळा व्यवहार नाव उतरण्याच्या दिवसापासून उलटा मागे आखतो.

जाहिरात देण्याआधी परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर गाडीची नोंद उघडून बघायची. तिथे तीन गोष्टी हमखास अडतात. पहिली म्हणजे एचपी, म्हणजे आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं. ते काढायला बँकेची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो, दोन प्रतींत. ही एनओसी साधारण ९० दिवस चालते. कपाटातली जुनी एनओसी घेऊन गेलात तर परत बँकेच्या दारात. दुसरी गोष्ट मोबाइल नंबर. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी नोंदीतल्या नंबरवर जातो, आणि तो नंबर बऱ्याचदा शोरूमच्या माणसाचा किंवा बंद पडलेला असतो. तो आधी बदलून घ्या. तिसरी, नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट बसवलेली नसेल तर महाराष्ट्रात मालकीबदलाचं काम पुढे सरकत नाही. शिवाय ई-चलनं भरून पावत्या ठेवायच्या, पीयूसी आणि विमा चालू हवा. गाडीला १५ वर्षं होत आली असतील तर नोंदणीची मुदत बघा. ती संपलेली असेल तर आधी नूतनीकरण, मग विक्री.

गाडी दाखवताना फार काही नाही. चालवून बघणाऱ्याचं लायसन्स तपासा, शेजारच्या सीटवर स्वतः बसा आणि मूळ आरसी कुणाच्या हातात देऊ नका.

पैशांच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला. दोन लाखांच्या वर आरटीजीएस, म्हणजे बँकेतून थेट खात्यात पैसे पाठवणं सगळ्यात बरं, ते आता २४ तास चालतं. चेक घेतला तर वटेपर्यंत गाडी अंगणातच. एसएमएस आणि स्क्रीनशॉट दोन्ही बनावट असू शकतात, त्यामुळे रक्कम जमा झाली की नाही ते आपल्या बँकेच्या अ‍ॅपमधल्या शिलकेवरूनच ठरवायचं. आणि गाडी न बघताच पूर्ण किंमत मान्य करून क्यूआर कोड पाठवणारा माणूस गिऱ्हाईक नव्हेच. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही.

आता कागद. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने आरटीओला दिलेली विक्रीची सूचना, दोन प्रतींत. फॉर्म ३० हा मालकीबदलाचा अर्ज. त्यात एक भाग विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो कोऱ्या फॉर्मवरच्या सह्यांचा. ‘तुम्ही फक्त सही करा, बाकीचं मी भरतो,’ असं म्हणणाऱ्याला बहुधा गाडी स्वतःच्या नावावर करायचीच नसते. त्याला ती पुढे विकायची असते, आणि तुमच्या सहीखाली नव्या माणसाचं नाव घालायचं असतं. मधले सहा महिने गाडी कोण चालवतं ते कुणालाच ठाऊक नसतं, चलनं मात्र तुमच्या मोबाइलवर येत राहतात. म्हणून खरेदीदाराचं नाव, पत्ता आणि विक्रीची तारीख भरल्याशिवाय सही नाही, आणि सही केलेल्या प्रत्येक पानाचा फोटो आपल्याकडे. ओळखपत्राच्या प्रतीवर ‘अमुक गाडीच्या मालकीबदलासाठीच’ असं आडवं लिहून त्यावर तारीख टाकतो.

अर्जाला चेसिस नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो आणि नेमकं तेच ऐन वेळी आठवतं. नंबर कुठे ठोकलाय ते मॉडेलनुसार बदलतं: कुठे बॉनेटखाली फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर), कुठे पुढच्या सीटजवळ कार्पेटला पाडलेल्या झडपेखाली. फडक्याने धूळ आणि ग्रीस पुसून जागा कोरडी करा. पातळ पांढरा कागद चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. कागद हलला की आकडे दुहेरी उठतात आणि क्लार्क तो परत करतो. मी एका बैठकीत तीन-चार प्रिंट काढून ठेवतो. १७ अक्षर-आकड्यांच्या या नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात, त्यामुळे गोल दिसलं की बहुतेक वेळा शून्यच. पोर्टलवर शेवटचे पाच आकडे टाकताना याचा उपयोग होतो.

डिलिव्हरी नोट वेगळी करायची: तारीख, मिनिटासकट वेळ, किलोमीटरचा आकडा, किल्ल्या किती दिल्या, दोघांच्या आणि साक्षीदाराच्या सह्या. ‘या वेळेनंतरचे अपघात, चलनं, गुन्हे यांची जबाबदारी खरेदीदाराची’ हे वाक्य त्यात हवंच. त्याने अपघातग्रस्ताचा दावा अडत नाही. पण भरावी लागलेली रक्कम खरेदीदाराकडून वसूल करायला आणि गाडी त्या वेळी आपल्या ताब्यात नव्हती हे पोलिसांना दाखवायला हाच कागद कामी येतो.

पैसे आधी की नाव आधी, यावर दोन्ही बाजू अडून बसतात आणि दोघांचंही बरोबर असतं. माझी पद्धत अशी: बयाणा घेऊन ऑनलाइन अर्ज भरून ठेवायचा, मग एकाच बैठकीत आरटीजीएस, सह्या आणि ओटीपी, शेवटी किल्ली. वर थोडी रक्कम अनामत म्हणून घ्यायची, नव्या नावाची आरसी दिसली की परत. अनामतीला नाक मुरडणारा खरेदीदार आरटीओत जायलाही टाळाटाळ करतो, हे बघितलेलं आहे. कायद्याने राज्यातल्या राज्यात विक्रीची सूचना विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यायची असते. खरेदीदारावर न विसंबता आपली सूचना आपण देऊन पोच घ्यावी.

गाडी परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ वरून आरटीओची एनओसी. एनओसी हातात आली म्हणजे सुटलो असं समजू नका. तिकडे नोंदणी होईपर्यंत नाव तुमचंच. डीलरला देणार असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र आहे का ते विचारा. एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरता येतो आणि तिथून पुढे डीलर मानीव मालक ठरतो, म्हणजे कायदा त्यालाच मालक धरतो.

फास्टॅग किल्ली देण्याआधीच बंद करा, नाहीतर नव्या मालकाचे टोल तुमच्या पाकिटातून जातात. नुसता स्टिकर खरवडून भागत नाही, बँकेकडून खातं बंद करून घ्यावं लागतं. गाडीला जोडलेलं कंपनीचं अ‍ॅप असेल तर त्यातूनही बाहेर पडा आणि स्टीरिओतले फोन नंबर पुसा. विम्यात थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा भाग गाडीबरोबर जातो. कंपनीला १४ दिवसांत कळवून पॉलिसी नावावर करून घेणं खरेदीदाराचं काम. पण नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, एनसीबी) गाडीचा नसतो, तुमचा असतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. फॉर्म २९ आणि डिलिव्हरी नोटची प्रत देऊन कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या; ते साधारण तीन वर्षं नव्या गाडीला वापरता येतं.