आमची वाटचाल : मोरीत सुरू झालेली स्लाइड लॅब

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वडिलांचा फोटो स्टुडिओ होता आणि घरामागची मोरी हीच त्यांची डार्करूम होती. कृष्णधवल रोल ते तिथेच धूत असत, रंगीत स्लाइडचे, म्हणजे फिल्मवरच थेट खरे रंग दिसणारे रोल मात्र मुंबईला पाठवावे लागत. २०१२ मध्ये कोडॅकने स्लाइड फिल्मचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा हे काम कायमचे संपले असेच आम्ही धरून चाललो होतो. २०१८ मध्ये कोडॅकची एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म पुन्हा बाजारात आली, इथल्या काही हौशी छायाचित्रकारांनी ती मागवली आणि ती धुवायची कुठे, हे विचारत ते आमच्या दारात आले.

परदेशी रसायनांचा तयार संच महाग पडे आणि एकदा मिसळला की काही आठवड्यांत संपवावा लागे. आमच्याकडे महिन्याला जेमतेम चार-पाच रोल येत असल्यामुळे सुटी रसायने आणून लागेल तेवढेच द्रावण घरी बनवायचे आम्ही ठरवले. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवला, त्या गावात द्रावण मिसळायला कसली भीती, असे वडील म्हणाले आणि गुजरीतून सोनारी काटा घेऊन आले.

स्लाइड फिल्म धुण्याच्या प्रक्रियेला ई-६ म्हणतात. तिचा पहिला डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारे द्रावण, प्रत्यक्षात कृष्णधवलच असतो. फिल्मवरील चांदीच्या क्षारांच्या कणांपैकी प्रकाश पडलेल्यांची तो चांदी करतो, रंग मात्र तयार करत नाही. त्यानंतर उरलेले कण सक्रिय करून फिल्म रंगीत डेव्हलपरमध्ये घातली की सीडी-३ हे रसायन त्यांच्यावर काम करते आणि फिल्मच्या थरांत आधीपासून असलेल्या घटकांशी जोडले जाऊन तिथेच रंग तयार होतात. पुढे ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी काढून टाकतात आणि फिल्मवर केवळ रंग उरतो. सगळी मदार पहिल्या डेव्हलपरच्या ३८ अंश सेल्सिअसवरील सहा मिनिटांवर असते. वेळ कमी पडला तर स्लाइड काळवंडते, जास्त झाला तर फिकी पडते आणि ही चूक पुढच्या कोणत्याही द्रावणात भरून निघत नाही. या डेव्हलपरला लिटरमागे काही मिलिग्रॅमच पोटॅशियम आयोडाइड लागते आणि एवढे वजन सोनारी काट्यावरही नीट होत नाही. म्हणून आम्ही एक ग्रॅम आयोडाइड एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवतो आणि त्यातून सिरिंजने मोजून घेतो.

कण सक्रिय करण्यासाठी एरवी स्टॅनस क्लोराइडचे द्रावण वापरतात. सुरुवातीला आम्ही जुनी पद्धत धरली होती. फिल्म रिळावरून सोडवून पांढऱ्या टबातल्या पाण्यात बुडवायची आणि दिव्याच्या उजेडात दोन्ही बाजूंनी फिरवायची. तापलेल्या बल्बवर पाण्याचा एक थेंब जरी उडाला तरी काच तडकते, म्हणून दिवा हातभर उंच टांगलेला असे आणि तो आई धरून उभी राहत असे.

पहिल्या वर्षातली एक चूक इथे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. एका पुरवठादाराकडून आलेल्या ट्रायसोडियम फॉस्फेटच्या डब्यावर ते निर्जल आहे की स्फटिकजलासह, हे लिहिलेले नव्हते. आम्ही निर्जल समजून वजन केले. प्रत्यक्षात ते बारा पाण्याच्या रेणूंचे होते, म्हणजे १० ग्रॅमच्या जागी सुमारे २३ ग्रॅम घ्यायला हवे होते. रंगीत डेव्हलपरचा अल्कलीपणा निम्म्याहून कमी राहिला आणि मसाई पठारावरच्या फुलांचा एका ग्राहकाचा संपूर्ण रोल निस्तेज निघाला. फुलांचा तो हंगाम परत आणून देणे आमच्या हातात नव्हते. आम्ही त्यांच्या घरी जाऊन चूक सांगितली आणि नवीन फिल्म दिली.

तेव्हापासून डबा उघडला की आम्ही आधी पीएच मोजतो. करडे कार्ड आणि जोतिबाच्या गुलालाची पुडी यांचे फोटो असलेला एक रोल आम्ही कायम तयार ठेवतो. नवे द्रावण मिसळले की त्यातला वीतभर तुकडा आधी धुतो. करड्यावर कोणतीही छटा न चढता गुलाल गुलाबीच दिसला, तरच ग्राहकाची फिल्म टाकीत जाते. ओली स्लाइड दुधाळ दिसते, त्यामुळे ती पूर्ण वाळेपर्यंत आम्ही कोणताही निर्णय घेत नाही.

सीडी-३ कातडीला बाधते, म्हणून हातमोज्यांशिवाय आमच्याकडे कोणीही काम करत नाही. वापरलेला फिक्सर गटारात सोडणे आम्हाला कधीच पटले नाही, कारण रोलमधली सगळी चांदी शेवटी त्यातच उतरलेली असते. चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीच्या एका कारागिराने ती लोखंडी लोकरीवर कशी धरायची हे आम्हाला दाखवले. मोरीच्या कोपऱ्यात त्या काळ्या गाळाची बरणी आहे, ती भरली की आम्ही हुपरीला नेऊन देतो.

आता टाकीला थर्मोस्टॅटचा हीटर आहे, स्टॅनस क्लोराइडही नियमित मिळते आणि आईला दिवा धरावा लागत नाही. रोल शनिवारपर्यंत आला तर रविवारी धुतला जातो आणि मंगळवारी माउंट करून परत मिळतो.