सुप्पांडीला कामावर ठेवतं तरी कोण?

परवा दुपारी भाचा कॉटवर लोळत टिंकल, ते पोरांचं इंग्रजी कॉमिक्स, वाचत होता, मधेच डोकं वर न काढता म्हणाला, "आत्या, ह्याला दर वेळी हाकलतात ना, मग परत कामावर ठेवतं कोण गं?" मी म्हटलं असेल कोणीतरी, तू वाच. पण मग माझंच डोकं त्यात अडकलं कारण खरंच की! १९८३ पासून टिंकलमधला हा नोकर सुप्पांडी मालकाने सांगितलेलं शब्दाला शब्द धरून करतोय आणि दर वेळी वाट लावतोय, एव्हाना अख्ख्या गावात बोभाटा व्हायला हवा होता. तरी पुढच्या अंकात नवा शेठ हजर, ना चौकशी ना ओळखपाळख, ये उद्यापासून.

बरं हा सुप्पांडी कुठल्या ऑफिसात बसून कोणी डोकं खाजवून काढलेला नाही, त्रिचीच्या एका वाचकाने तमिळ लोककथा पाठवल्या त्यातून तो आला. टिंकलचं हेच तर भारी होतं, वाचकच गोष्टी पाठवायचे, आजी-आजोबांकडून ऐकलेल्या वगैरे, आणि पाठवणाऱ्याचं नाव छापून यायचं. आमच्याकडे आधी ती नावं वाचायची पद्धत होती, गोष्ट नंतर. एकदा आजीची एक गोष्ट आम्हीपण पाठवायची ठरवली, मी आणि दादाने. पण नाव कोणाचं टाकायचं यावरून जे भांडण झालं त्यात गोष्ट राहिलीच. आजीचं टाकावं हे दोघांच्याही मनात आलं नाही.

टिंकलचा पहिला अंक नोव्हेंबर १९८० चा. अनंत पै, म्हणजे पोरांचे अंकल पै, १९६७ पासून अमर चित्रकथा काढत होतेच. माझं मत विचाराल तर टिंकल घरात शिरलं ते अमर चित्रकथेच्या पुण्याईवर. तिथे राम, कृष्ण, शिवाजी महाराज, कोण नाही म्हणणार? त्याच माणसाचं आहे म्हटल्यावर आईबाबांनी आत काय आहे ते बघितलंच नाही, वर पोरांचं इंग्रजी सुधारेल ही आशा. आणि आत कोण, तर वाघ दिसला की पाय लटपटणारा शिकारी, राजाला संपवायला निघालेला मंत्री आणि हा आमचा सुप्पांडी. संस्कार म्हणावेत असं ह्यात काय होतं मला अजून कळलेलं नाही, पण वाचून कोणी बिघडलंही नाही.

शिकारी शंभूची ती हॅट आठवते? डोळ्यांवर आलेली. ती वर उचलली तर खाली काय असेल ह्याची मला इतकी उत्सुकता होती की मी पान तिरकं करून, खालून डोकावून बघायचे. कागदावर. खालून. हसा, पण तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी केलं असणार हे.

आणि शंभू काढला कोणी, तर वसंत हळबेंनी. सुप्पांडी राम वाईरकरांचा, कालिया कावळा प्रदीप साठेंचा. लहानपणी ह्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. कॉमिक्स म्हणजे लांब कुठेतरी सूटबूटवाले लोक काढत असणार अशी समजूत, आणि साठे म्हणजे बँकेत असायचे किंवा गणित शिकवायचे, कावळे काढणारे साठे कल्पनेत बसतच नव्हते. आता जुने अंक काढून बघते तर सगळं उघड आहे, ते धोतराचे सोगे, ते पोट सुटलेले शेठ, ती कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली बाई, हे सगळे लग्नाच्या पंगतीत आपल्या शेजारी बसलेले लोक आहेत. वाईरकर गेल्यावर सुप्पांडी त्यांची मुलगी अर्चना आंबेरकर काढायला लागल्या. बापाचा सुप्पांडी लेकीकडे आला, सुप्पांडीला मात्र त्याचा पत्ता नाही, तो नवीन मालक शोधतोय.

मधे २००७ मधे टिंकलची कंपनी बदलली, मग २०११ मधे अंकल पै गेले, तेव्हा मला वाटलेलं की आता संपलं सगळं. नाही संपलं. संपेल कसं म्हणा, टिंकलमधे कोणाचं काही पूर्णच होत नाही. मंत्री तंत्रीचा डाव फसतो, राजा हूजाला कधी काही कळत नाही, शंभूला कोणी भित्रा म्हणून पकडत नाही. कुठलाही अंक उचला, मधलाच, कव्हर फाटलेला चालेल, सगळे आपापल्या जागी.

फक्त कालियाशी माझं कधीच पटलं नाही. आगाऊ कावळा, जिकडे तिकडे नाक खुपसणारा, कायम बरोबर. मी पहिल्यापासून डूबडूबच्या बाजूने. बिचारी मगर, भुकेली, आळशी, त्या चमाटका कोल्ह्याच्या नादाला लागून दर वेळी तोंडावर पडणारी. कालियाने ससे वाचवलेच पाहिजेत वगैरे ठीक आहे, माझं काही म्हणणं नाही, पण इतक्या वर्षांत एखाद्या दिवाळी अंकात तरी डूबडूबला पोटभर जेवायला घालायला काय हरकत होती?