कंपनी टिकेल का, यापेक्षा फाइल उघडेल का?

पुस्तकं, कात्रणं आणि वाचनाची टिपणं यांची नोंद मी बरीच वर्षं एका छोट्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये ठेवत होते. तो बनवणारी कंपनी विकली गेली आणि पुढची आवृत्ती येणार की नाही, याबद्दल नवे मालक काहीच बोलेनात. प्रोग्रॅम चालत होता. पण नव्या कॉम्प्युटरवर टाकायचा तर लायसन्स त्यांच्या सर्व्हरवरून अ‍ॅक्टिव्हेट करावं लागे. तो सर्व्हर उद्या बंद पडला तर? थांबण्यात अर्थ नव्हता.

सुरुवातीला मी भक्कम कंपनी शोधत होते. मग जुना इतिहास वाचला आणि तो निकष सोडून दिला. ऐंशीच्या दशकात पर्सनल कॉम्प्युटरवर डीबेस या डेटाबेस प्रोग्रॅमचा दबदबा होता. १९९१मध्ये त्याची कंपनी अ‍ॅश्टन-टेट बोरलँडने घेतली. त्याच जातीचं फॉक्सप्रो १९९२मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेलं. इतका भक्कम मालक मिळूनही २००७मध्ये नवी आवृत्ती येणार नसल्याचं जाहीर झालं आणि २०१५मध्ये सपोर्ट संपला. तरी या दोन्ही प्रोग्रॅमच्या त्या काळातल्या डीबीएफ फाइली आज लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रॅममध्ये उघडतात, कारण त्यांची रचना साधी आहे, सर्वांना माहीत आहे आणि कित्येक प्रोग्रॅम ती वाचतात.

म्हणून प्रत्येक पर्यायाची परीक्षा मी उलटीकडून घेतली. माझा सगळा डेटा आत घालायचा आणि लगेच बाहेर काढून पाहायचा. एका प्रोग्रॅमने लांब टिपणं २५५ अक्षरांवर तोडली, तीही कसलीही सूचना न देता. दुसऱ्यातून टेबलं नीट निघाली, पण कोणतं कात्रण कोणत्या पुस्तकाचं, हे जोडणारे क्रमांकच गळाले. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेसमधून टेबलं व्यवस्थित निघतात. नोंदी भरायचे फॉर्म आणि आपोआप चालणाऱ्या आज्ञा, म्हणजे मॅक्रो, मात्र तिथेच राहतात, आणि खरे कष्ट तर त्यांतच असतात.

शेवटी एसक्यूलाइट हा मोफत डेटाबेस घेतला. सोर्स कोड कोणाच्याही मालकीचा नाही, सगळा डेटाबेस एका फाइलीत मावतो आणि त्या फाइलीची रचना २००४पासून जुन्या फाइली वाचता येतील अशीच ठेवलेली आहे. २०५०पर्यंत सपोर्ट देण्याचा निर्मात्यांचा जाहीर इरादा आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने डेटासेट जतन करण्यासाठी शिफारस केलेल्या फॉरमॅटांतही ते आहे. त्यात फॉर्म नाहीत, म्हणून लिब्रेऑफिसमधला बेस हा डेटाबेसचा भाग ओडीबीसी ड्रायव्हरने, म्हणजे प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यातल्या दुव्याने, जोडला. उद्या बेस सोडावं लागलं तर फॉर्म पुन्हा बनवावे लागतील, पण नोंदींना धक्का लागणार नाही.

एक अडचण मराठीची निघाली. एसक्यूलाइट अक्षरांचा क्रम युनिकोड क्रमांकांवरून, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या क्रमांकांवरून, लावतं आणि तिथे ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे. त्यामुळे ‘काळे’ हे नाव ‘कावळे’च्या आधी येऊ लागलं. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ तर ‘ह’नंतर येतो. युनिकोडमध्ये अवग्रह ‘ऽ’ हा ‘ह’च्या पुढे आणि काना-मात्रांच्या आधी आहे, म्हणून यादी लावताना एका अक्षराच्या जागी दुसरं घालणाऱ्या रिप्लेस फंक्शनने ‘ळ’च्या जागी ‘ऽ’ धरायला सांगितलं. मूळ नाव जसंच्या तसं राहतं, क्रम तेवढा बदलतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचंही असंच काही करायचं आहे.

जुना प्रोग्रॅम अजून काढलेला नाही. दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहतेय. पुस्तकं झाली, कात्रणं चालू आहेत.