बाराव्या दिवसाची कानबाई

माझी पहिली केमो दिव्यांच्या अवसेला ठरली, बुधवारी. शेजारच्या काकू हळूच सासूबाईंना म्हणाल्या, "अमावास्येला कशाला सुरुवात करता?" सासूबाई ओट्यावर समया घासत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "दिवासनी अवस शे. आजना दिन वाईट कसा व्हई?"

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठी. ज्येष्ठात माझ्या डाव्या स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. जखम भरल्यावर डॉक्टरांनी आठ केमो सांगितल्या, दर एकवीस दिवसांनी एक. पहिल्या चार लाल औषधाच्या. कागदपत्रांचं सगळं ह्यांनी पाहिलं. केशरी रेशनकार्ड होतं, म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलो. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे ह्यांनी चार चकरा मारल्या. ह्यांची पंढरीची वारी यंदा चुकली, पण त्याबद्दल एक शब्द काढला नाही. गळ्यातली माळ धरून माझ्यासोबत रांगेत उभे राहिले.

लाल औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी टू-डी इको काढला, रक्त तपासलं. मग जळगावला त्या हॉलमधल्या खुर्चीवर बसले. ऑपरेशन डाव्या बाजूचं, त्यामुळे सुई फक्त उजव्या हाताला. आधी उलटी होऊ नये म्हणून औषधं दिली. मग सिस्टर लाल औषधाची मोठी सिरिंज घेऊन शेजारी बसली आणि चालू सलाईनमधून हळूहळू सोडू लागली. म्हणाली, "मावशी, सुईजवळ जरा जरी आग झाली तरी लगेच सांगा. सहन करत बसू नका." हे औषध शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस जळतं. मी सगळ्या बायांना हे मुद्दाम सांगते. आपल्याला सोसायची सवय असते, तिथं सोसायचं नाही.

दुसऱ्या दिवसापर्यंत लघवी लालसर आली. आधीच सांगितलेलं होतं म्हणून घाबरले नाही. तिसरा आणि चौथा दिवस मात्र फार कठीण गेला. तोंडाला लोखंडाची चव. आमच्या घरात काळ्या मसाल्याच्या फोडणीशिवाय दिवस जात नाही, आणि मला त्या वासानंच उमळून यायचं. जाऊबाईंनी कुणाला न विचारता चूल परसात हलवली. आठ दिवस घरचं कालवण तिथंच झालं. माझ्यासाठी मऊ भात, मुगाचं वरण, लिंबाचं सरबत. दिवसातून चार वेळा मीठ-सोड्याच्या पाण्यानं चुळा.

ह्या दिवसांत कुणीतरी एका वैदूचं नाव आणलं. झाडपाल्यानं गाठ विरघळते, केमोनं माणूस खंगतो, असं काय काय. मी तेव्हा इतकी थकले होते की मन डळमळलं. सासूबाईंनी नाव आणणाऱ्या त्या बाईला चहा दिला आणि सांगितलं, "देवीकडे मागायचं ते मी मागते. औषध डॉक्टरचंच चालंल." पुन्हा तो विषय घरात निघाला नाही.

नागपंचमीनंतरचा पहिला रविवार कानबाईचा. कानबाई म्हणजे आमच्या खानदेशातली देवी, नारळाच्या रूपात घरी बसवतात. तो रविवार नेमका माझ्या केमोपासूनचा बारावा दिवस आला. सातव्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, गर्दीत जाऊ नका, ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठा, असं बजावलेलं. दहाव्या रात्री थर्मामीटरवर ९९.६ आलं. मुलगा गाडीची चावी हातात घेऊन दर तासाला माझा ताप बघत बसला. पहाटे उतरला.

लग्न होऊन आले तेव्हापासून कानबाईची तयारी माझ्याकडे. नारळाला नथ घालायची, साडी नेसवायची, पाटावर बसवायची. यंदा भाऊबंदांची पंचवीस-तीस माणसं येणार, आणि मी आतल्या खोलीत. मला रडू आलं, ते उलट्यांनी नव्हतं आलं. धाकट्या दिरांनी मग वाट काढली. कानबाई मधल्या घरात न बसवता अंगणात मांडव घालून बसवली, माझ्या खिडकीच्या अगदी समोर. माणसं बाहेरच थांबली. नथ मी खोलीत हात धुऊन, मास्क लावून नारळाला घातली आणि जाऊबाईंच्या हाती दिली.

रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू आमच्याकडे घरातल्या पुरुषमाणसांच्या संख्येवर मोजतात, माणशी सव्वा मूठ. सासूबाई परातीसमोर बसून मोजत होत्या, मी खिडकीतून बघत होते. सगळ्यांच्या मुठी झाल्या. त्या थांबल्या, खिडकीकडे बघितलं आणि आणखी सव्वा मूठ टाकली. चुलत सासरे म्हणाले, "ही कुणाची?" "मन्ही सूनबाईनी," त्या म्हणाल्या. कुणी काही बोललं नाही. मोठ्या वहिनींनी फक्त परात पुढं सरकवली.

त्या रोटाची पुरणपोळी मला अर्धीच गेली. पण चव लागली. लोखंडाची नाही, गुळाची.

रात्रभर बाया गाणी म्हणत होत्या. मी खिडकीशी उशी लावून कधी झोपले कळलं नाही. सोमवारी सगळे वाजतगाजत कानबाईला बोरीवर घेऊन गेले, मी दारापर्यंत आले.

राखी पौर्णिमेला सकाळी विंचरताना केसांचा पुंजका कंगव्यात आला. सोळावा दिवस. माझा भाऊ राखीला आला होता. त्यानंच गावातल्या न्हाव्याला घरी बोलावलं, आणि डोकं होईपर्यंत माझा हात धरून पायरीवर बसला. नंतर जाऊबाईंनी त्यांचा मऊ सुती पदर फाडून रुमाल बांधून दिला.

पुढच्या बुधवारी दुसरी केमो. आदल्या दिवशी रक्त तपासलं, पेशी वर आल्या होत्या. निघताना सासूबाईंनी देवघरातली समई लावली आणि माझ्या पिशवीत थर्मामीटर ठेवलाय का ते उघडून बघितलं.