बाबांची स्ट्रेस थॅलियम

झाली एकदाची. ताण आला की हृदयाच्या स्नायूला रक्त पुरतंय का, ते बघायची ही तपासणी, त्यासाठी किरणोत्सर्गी औषध टोचून फोटो काढतात. नाव थॅलियम, पण हल्ली बहुतेक ठिकाणी टोचतात ते टेक्नेशियम, जुनं नाव तोंडात बसलंय.

आधी चहाचं सांगते, कारण आमचा पहिला हेलपाटा त्यातच फुकट गेला. बाबांचा गुडघा गेलेला, ताण द्यायला ट्रेडमिल जमणार नाही, म्हणून इंजेक्शन देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंद करायच्या होत्या आणि कॅफीन नेमकं तेच औषध अडवतं. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद, हे आम्हाला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी सहाला कपभर चहा पोटात, टेस्ट कॅन्सल. टेक्नेशियम मॉलिब्डेनम नावाच्या धातूच्या डब्यातून (त्याला जनरेटर म्हणतात) काढतात, म्हशीची धार काढावी तसं, आणि ६ तासांत ते निम्मं होतं, त्यामुळे आजचा डोस उद्याला ठेवता येत नाही. परतताना बाबा गाडीत एक शब्द बोलले नाहीत. तुमच्याकडे कुणाची असेल तर स्वतः फोन करून विचारा, चहाचं, बीपीच्या गोळ्यांचं, आणि दमा असेल तर ते आवर्जून सांगा.

दुसऱ्या वेळी सगळं नीट. दोनदा टोचतात, एकदा आरामात, एकदा ताण देऊन. शिशाच्या जाड कवचातली सिरिंज बघून आई घाबरली, पण ते टेक्निशियनच्या हातांसाठी, त्यांना रोज कितीतरी पेशंट असतात. मग हात डोक्यावर घेऊन न हलता पडून राहायचं, बाबांचा खांदा भरून आला. कॅमेरा स्वतः किरण सोडत नाही, बाबांच्या अंगातून येणारे टिपतो.

अँजिओग्राफी असताना हे कशाला, बाबा विचारत होते. म्हटलं बाबा, अँजिओत कॅनॉल कुठे बुजलाय ते दिसतं, यात टेलच्या रानाला पाणी पोचतंय का ते. पाणीपाळीवर भांडण्यात जन्म गेलेला माणूस, लगेच कळलं त्यांना.

रिपोर्टमध्ये रंगीत चकत्यांच्या ओळी, वर ताणाच्या, खाली आरामाच्या. हृदयाच्या खालच्या भिंतीचा एक तुकडा ताणाच्या ओळीत फिका, आरामाच्या ओळीत भरलेला. म्हणजे स्नायू जिवंत आहे, ताण आला की रक्त कमी पडतं. दोन्हीकडे फिका असता तर बहुतेक जुन्या अटॅकचा व्रण. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, ५४ टक्के, ते चांगलं आहे म्हणाले. सध्या औषधं वाढवलीत, तरी छातीत भरून येत राहिलं तर अँजिओ करायची.