करांदा कडू का राहतो?

दिवाळीच्या आसपास पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या आठवडे बाजारात तपकिरी, खडबडीत सालीचे करांदे, म्हणजे एका रानवेलीवर लागणारे कंद, येऊ लागतात. नाशिकला आणून कोणी ते बटाट्यासारखे कुकरला लावतं, पहिलाच घास कडूजहर लागतो आणि उरलेले कचऱ्यात जातात. रानातल्या करांद्याला कुकर चालत नाही, त्याला भरपूर पाणी लागतं.

आधी ओळख, कारण चूक इथेच महागात पडते. करांद्याच्या (डायोस्कोरिया बल्बिफेरा) वेलीचं खोड गोल, गुळगुळीत आणि बिनकाट्याचं असतं. पानं हृदयाच्या आकाराची, एकाआड एक, देठापासून टोकाकडे धावणाऱ्या ठळक शिरांची. करांदे लागतात ते पानांच्या बगलेत. जमिनीखालचा कंद वेगळा, आणि तो सहसा करांद्याहून जास्त कडू. याच कुळातल्या कोनफळाचं खोड चौकोनी असतं, कडांना पातळ पंख असतात, पानं बहुतेक समोरासमोर येतात आणि वेल करांद्याच्या उलट दिशेने वळते. त्याच कुळातल्या शेंडवेलीचं पान ३ ते ५ पर्णिकांचं (एका देठावरची छोटी पानं), खोड काटेरी.

खरी भीती आहे ती ठसठशीत तीन पर्णिकांच्या काटेरी वेलीची, डायोस्कोरिया हिस्पिडाची. तिचा कंद जमिनीत फार खोल नसतो, मुळांनी भरलेला असतो आणि त्यात डायोस्कोरिन नावाचं विष असतं. नीट न धुतलेला कंद खाल्ला तर उलट्या, भोवळ आणि झटकेही येऊ शकतात. रानातली जाणती माणसं पातळ काप करून, दिवसेंदिवस वाहत्या पाण्यात ठेवून तो खातात. पण हे काम लिखाण वाचून शिकायचं नाही, माझंही नाही. अडचण अशी की कंद खणायच्या वेळी वेल वाळून पानं गळालेली असतात, मग ओळखणार कशावरून? म्हणून जमिनीखालचा कंद घ्यायचा तर ज्याने पावसाळ्यात ती वेल पाहिली आहे त्याच्याकडूनच घ्यावा. नवख्याने वर लागणाऱ्या करांद्यांवरच थांबलेलं बरं.

आता कडूपणा. एक किलो करांदे माती जाईपर्यंत घासून धुवा, मोठे असतील तर अर्धे करा. हाताला तेल लावा, काहींना खाज सुटते. मोठ्या पातेल्यात करांदे बुडून वर चार बोटं राहील एवढं पाणी घ्या, त्यात दोन मोठे चमचे चाळलेली लाकडाची राख आणि चमचाभर मीठ टाका. राख साध्या लाकडाचीच हवी. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड किंवा दगडी कोळसा यांची अजिबात नको. सुरी सहज आत जाईपर्यंत, साधारण अर्धा-पाऊण तास, झाकण न ठेवता उकळा. ते पाणी फेकून द्या, आमटीत वगैरे वापरू नका. साल काढून दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप करा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. झोपण्याआधी दोन-तीनदा पाणी बदला, सकाळी पुन्हा एकदा. पाड्यावर हेच काप टोपलीत भरून ओहोळात ठेवतात आणि ते केव्हाही सरस, कारण वाहतं पाणी बदलावं लागत नाही. शेवटी ताज्या पाण्यात पंधरा मिनिटं उकळून निथळा.

एक छोटा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर पुन्हा भिजवा, पुन्हा उकळा. तरीही कडू राहिला तर टाकून द्या. गूळ, चिंच किंवा जास्त तिखट घालून कडूपणा झाकू नये. या वेलीतल्या कडू द्रव्यांमध्ये डायोसबल्बिन गटातली द्रव्यं असतात आणि ती यकृताला अपाय करतात. चीनमध्ये याच वेलीचा कंद औषध म्हणून घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे वाराहीकंद म्हणून विकल्या जाणाऱ्या कच्च्या चूर्णाबद्दल माझं मत चांगलं नाही. यकृताचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी रानातला करांदा टाळावा.

काप बहुधा फसतात ते जाडीमुळे. बोटभर जाड काप बाहेरून गोड लागतात आणि मधोमध कडू राहतात. कुकरमध्ये पाणी थोडं, म्हणून निघालेला कडूपणा तिथेच फिरत राहतो. कडूपणा गेला की पुढचं सोपं: जिरं, लसूण, हिरव्या मिरचीची फोडणी, वर दाण्याचा कूट आणि सोबत नागलीची भाकरी.

लावायचा असेल तर मेअखेरीस कोंब फुटलेला करांदा निवडा. फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात घमेलंभर कुजलेलं शेणखत मातीत मिसळा, करांदा आडवा ठेवून वर तीन बोटं माती ओढा. दोन वेलींमध्ये तीन फूट अंतर आणि चढायला झाड किंवा मजबूत मांडव हवा. कुंपणाची नुसती तार पुरत नाही. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या निचऱ्याच्या तांबड्या जमिनीत फार काही करावं लागत नाही. निफाड-सिन्नरकडच्या भारी काळ्या जमिनीत मात्र पाणी साचून कंद कुजतो, तिथे वरंब्यावरच लावा. पानं पिवळी पडू लागली की पाणी बंद. वेल सुकून नाहीशी होण्याआधी बुंध्याशी काठी रोवा, नाहीतर कंद सापडत नाही. कंद खणला तर वेलीकडचा शेंडा कापून त्याच खड्ड्यात परत पुरा. गळून पडलेले करांदे मात्र वेचून घ्या, प्रत्येकातून नवी वेल येते. अमेरिकेतल्या फ्लोरिडात १९०५ साली नेलेली ही वेल असंच करत रानभर पसरली.

साठवण अंधाऱ्या, हवेशीर जागी, टोपलीत एका थरात. फ्रिजमध्ये ठेवू नका: बारा अंशांखालच्या थंडीत गर काळा पडून सडतो. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा त्याच्या बराच खाली जातो, तेव्हा टोपली ओसरीवरून आत घ्या आणि वर गोणपाट टाका.